बीव्हरचा रखवालदार ग्रे आऊल

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १८ सप्टेंबर १८८८ रोजी जन्मलेला आर्चिबाल्ड बेलेनी अरण्याच्या ओढीने १९०६ मध्ये कॅनडात गेला. ओन्टारिओतील टेमागामी परिसरात ओजिब्वे आदिवासींकडून तो होडी वल्हवणे, माग काढणे आणि सापळे लावणे शिकला. पुढे त्याने ग्रे आऊल हे नाव धारण केले व आपली माता अपाची जमातीची असल्याचे तो सांगू लागला. उपजीविका चाले ती बीव्हरच्या कातड्यांवर.

ओढ्यांवर बांध घालणारा हा प्राणी दाट, मऊ केसांमुळे शतकानुशतके मारला गेला. युरोपातील हॅट त्याच्याच केसांपासून बनत. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या अनेक भागांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. शिकारीवर निर्बंध होते. परंतु अफाट अरण्यात ते पाळले जातात की नाही, हे पाहणारे थोडे होते.

१९२८ मध्ये त्याच्या सापळ्याने एका मादीचा बळी घेतला. मागे उरलेली दोन पिल्ले वाचवावीत, असा आग्रह त्याची सहचरी अनाहारेओ हिने धरला. पिल्ले झोपडीत वाढली आणि त्यांच्या लळ्याने शिकाऱ्याचे मन पालटले. त्याने सापळे टाकून दिले. त्यांच्याबरोबर मिळकतही गेली. मग लेखणी हा त्याचा आधार झाला.

१९३१ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने त्याला वन्यप्राण्यांचा रखवालदार नेमले. प्रिन्स अल्बर्ट उद्यानातील अजावान सरोवराकाठच्या झोपडीत बीव्हरांनी आपले घर थेट आतपर्यंत बांधले होते. पुढल्याच वर्षी क्वेबेकमध्ये रुपर्ट नदीच्या प्रदेशात बीव्हरसाठी राखीव क्षेत्र निर्माण झाले. तेथे राखणीचे काम स्थानिक क्री लोकांकडे आले आणि निर्बंधांना अरण्य जाणणारे रक्षक लाभले. ग्रे आऊल मात्र सामान्य वाचकाचे मन वळवीत होता. ब्रिटनमधील त्याच्या व्याख्यानांना मोठी गर्दी लोटली. १९३७ मध्ये राजवाड्यातही त्याचे व्याख्यान झाले.

अतिश्रमाने खचून १३ एप्रिल १९३८ रोजी तो निवर्तला. लगोलग वृत्तपत्रांनी त्याचे इंग्रज मूळ उघड केले. आदिवासींचे नाव व वेश घेऊन त्याने जगाची फसवणूक केली होती, हे नाकारता येत नाही. त्याच्या पुस्तकांची प्रतिष्ठा ओसरली आणि ती सावरण्यास काही दशके लागली. परंतु त्याने मांडलेला बीव्हरच्या विनाशाचा प्रश्न खोटा नव्हता. १९७५ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून बीव्हरला राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला. अजावानच्या काठी, त्या झोपडीजवळच, ग्रे आऊलची समाधी आहे.