निजामाचा खजिना आणि निजामाची प्रजा

हैदराबादचा सातवा आणि अखेरचा सत्ताधारी निजाम मीर उस्मान अली खान याच्याविषयीच्या आख्यायिका त्याच्या कारकिर्दीच्या इतिहासापेक्षा अधिक चिवट ठरल्या आहेत. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला जेकब हिरा, वर्षानुवर्षे वापरलेली विटकी शेरवाणी, किंग कोठीच्या तळघरातील पेट्या, या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले, तेव्हापासून तर त्याच्या श्रीमंतीपुढे त्याच्या राज्यकारभाराची चौकशी करण्याचे कोणास कारणच उरले नाही. वस्तुतः चौकशी करावी ती याचीच की, एवढ्या संपत्तीचा धनी असलेल्या राजाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये अवघ्या पाच दिवसांत का कोसळली.

१८८६ साली जन्मलेला उस्मान अली १९११ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, गादीवर आला. वारशाने मिळालेले संस्थान ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठे होते. प्रजेपैकी सुमारे निम्मी तेलुगू बोलणारी, चतुर्थांश मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. मुसलमानांचे प्रमाण आठांत एक. असे राज्य चालवायचे तर प्रजेशी काही एक समजुतीचे नाते जोडणे क्रमप्राप्त होते. परंतु तशी गरज निजामाला भासली नाही, कारण त्याच्या गादीची हमी इंग्रजांच्या फौजेने घेतलेली होती. पहिल्या महायुद्धात त्याने साम्राज्याला सढळ हाताने पैसा पुरविला. तुर्कस्तानचा खलिफा शत्रुपक्षात गेला असतानाही भारतीय मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावे, असे जाहीर आवाहन केले. त्याबद्दल १९१८ साली त्याला इतर संस्थानिकांहून वरचढ असा किताब मिळाला. दरम्यान १९१४ मध्ये दिवाण तिसरा सालारजंग याला दूर करून त्याने कारभार स्वतःच्या हाती घेतला, तो पाच वर्षे ठेवला.

त्याच्या श्रीमंतीचे मूळ जमिनीत होते. संस्थानचा सुमारे एक दशांश मुलूख ‘सर्फेखास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता होता, आणि त्याचा वसूल राज्याच्या खजिन्यात न जाता थेट निजामाकडे जाई. बराच मोठा मुलूख जहागिरदारांच्या हाती होता. सरकारी खजिन्याला मिळे तो उरलेल्या दिवाणी मुलखाचा महसूल. म्हणजे राज्याचा प्रमुख हाच राज्यातील सर्वांत मोठा जहागिरदार होता. याखेरीज भेटीस येणाऱ्यांनी द्यावयाचा नजराणा होताच. मोठे अमीरउमराव ती अशर्फी पुढे करताना मनात काय म्हणत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. साठलेला हा पैसा उद्योगात फिरता तर गोष्ट वेगळी होती. त्याचा फार मोठा भाग जडजवाहीर आणि सोने होऊन पेट्यांत निपचित पडून राहिला.

तरी ही राजवट निव्वळ अंधाराची होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वतःचे चलन टिकवून धरणारे हे सर्वांत मोठे संस्थान होते. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा हिशेब मराठवाड्यातील जुन्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे. १९१८ पासून संस्थानच्या कागदी नोटाही निघाल्या. १९३० साली संस्थानने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि दोनच वर्षांत तिच्या जोडीला सरकारी मोटारगाड्या सुरू केल्या. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, मांजरा नदीवर निजामसागर झाला. अजिंठ्याच्या चित्रांची दुरुस्ती करण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले गेले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली त्या लेण्यांचा अभ्यास झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पालाही निजामाची मदत होती. संस्थेच्या आवारातील अतिथिगृह त्याच्या नावाचे आहे. मात्र निजामसागराच्या तोडीचे एकही धरण त्या काळात मराठवाड्यात झाले नाही. पैठणला गोदावरी अडली ती १९७६ साली.

उस्मानिया विद्यापीठाची कथा याहून बोलकी आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजी बाजूस सारून उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचे धाडस केले, त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उभारला. विज्ञानाची आणि कायद्याची परिभाषा घडविण्याचा तो प्रयत्न आजही अभ्यासण्याजोगा आहे. पण ती भाषा उर्दू होती. वैजापूरच्या किंवा उमरग्याच्या मराठी मुलाला ती इंग्रजीइतकीच परकी. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे, सभा भरवायला लागे. गश्ती क्रमांक ५३ चा जाच वृद्ध कार्यकर्ते अखेरपर्यंत विसरले नाहीत. हिप्परगा, अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शाळांतूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले, हे ओघानेच आले. १९३८ साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियाने विद्यार्थी काढून टाकले, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

निजामाचे मन सर्वांत अधिक गुंतले होते ते वऱ्हाडात. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आपल्याकडे घेतले होते, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. कापसाचा हा समृद्ध मुलूख परत मिळावा म्हणून उस्मान अलीने १९२३ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगकडे रीतसर मागणी केली. त्या मागणीत एक आश्वासन होते: वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील जनतेला जबाबदार राज्यपद्धती देऊ. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड येथील प्रजेला जे स्वप्नातही दिले नव्हते, ते अमरावती-अकोल्याच्या लोकांना देऊ केले होते! वऱ्हाडच्या लोकांनी ते मागितले नव्हते आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते, निजामाने नाही आणि इंग्रजांनीही नाही. १९२६ च्या मार्चमध्ये रीडिंगने उत्तर दिले की, सार्वभौम सत्ता इंग्रजांची आहे आणि कोणताही संस्थानिक त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही. १९३६ च्या करारात निजामाच्या पदरात पडले ते नाममात्र स्वामित्व आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब.

रीडिंगचे उत्तर ही धोक्याची घंटा होती. इंग्रजांच्या मर्जीवर उभी असलेली गादी त्यांच्यामागे कोणाच्या आधाराने उभी राहणार, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्मापूर्वीच बंदी आली. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या सुधारणांत कायदेमंडळात हिंदू-मुसलमानांना समसमान जागा होत्या, आणि त्याही अमलात यायला १९४६ उजाडले. जून १९४७ मध्ये निजामाने स्वातंत्र्याची घोषणा केली तेव्हा त्याच्या बाजूला उरले होते लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार. नोव्हेंबरमध्ये जैसे थे करार झाला, पण लगेच भारतीय चलनावर निर्बंध घालण्यात आले आणि पाकिस्तानला वीस कोटींचे रोखे कर्जाऊ देण्यात आले. खेड्यापाड्यांत रझाकारांनी माजविलेल्या लुटालुटीपुढे निजाम एक तर हतबल होता किंवा स्वस्थ होता. प्रजेच्या दृष्टीने दोहोंत फरक नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना आत शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

यानंतरचे एक पान मराठवाड्यात फारसे वाचले जात नाही. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव), नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान सत्तावीस ते चाळीस हजार धरली. राजाच्या हट्टाची किंमत राजाने मोजली नाही. ती आधी रझाकारांच्या हातून हिंदू रयतेने आणि मग या गरीब मुसलमान शेतकऱ्या-विणकऱ्यांनी मोजली.

राजाला पन्नास लाखांचा तनखा मिळाला, सर्फेखासची भरपाई मिळाली, आणि १९५० ते १९५६ पर्यंत तो राजप्रमुखही होता. १९६५ च्या युद्धकाळात त्याने पाच हजार किलो सोने देशाला दान केले, ही कथा अद्याप सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याने ४२५ किलो सोने सरकारच्या सुवर्णरोख्यांत साडेसहा टक्के व्याजाने गुंतविले होते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी तो वारला, तेव्हा हैदराबादच्या रस्त्यांवर अलोट गर्दी लोटली होती. त्याचे जडजवाहीर १९९५ मध्ये भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. आणि सप्टेंबर १९४८ च्या धामधुमीत पाकिस्तानच्या लंडनमधील उच्चायुक्ताच्या खात्यावर पाठविलेल्या सुमारे दहा लाख पौंडांचा वाद ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकालात काढला. तोवर ती रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.