कै. रामेश्वरनाथ काव

पोलीस म्हटला की दंडुका आणि दरडावणी एवढेच चित्र आमच्या ज्ञातिबांधवांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. काव त्याहून अगदी निराळे. काशी येथे काश्मिरी पंडितांच्या घरी १० मे १९१८ रोजी ते जन्मले, १९४० च्या सुमारास पोलीस सेवेत शिरले व स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या गुप्तवार्ता विभागात आले.

त्यांची खरी कसोटी १९५५ साली लागली. बांडुंग परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळ घेऊन निघालेले एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' विमान ११ एप्रिल रोजी हाँगकाँग सोडल्यावर स्फोट होऊन समुद्रात कोसळले. सोळा जण दगावले. त्यांत कप्तान जटार हे आपले मराठी वैमानिकही होते. दीक्षित, पाठक व कर्णिक तेवढे बचावले. तपासकामी नेहरूंनी काव यांस धाडले. चीन व तैवान यांचे हाडवैर, मध्ये हाँगकाँगचे ब्रिटिश सरकार. अशा ठिकाणी सर्वांचा विश्वास राखणे हे दिव्यच. उजव्या चाकाच्या कप्प्यात टाइमबाँब ठेवला गेला होता. विमानतळावरील एका सफाई कामगारावर संशय स्थिरावला. परंतु तो तैवानला निसटला, आणि जटारांच्या घातक्यास शासन झालेच नाही. ही रुखरुख आजही वाटते. चौ एन-लाय यांनी काव यांस आपली मुद्रा भेट दिली.

पुढे २१ सप्टेंबर १९६८ रोजी निघालेल्या 'रॉ' या परदेशविषयक हेरखात्याचे ते पहिले प्रमुख झाले. १९७७ सालच्या सत्तांतरानंतर त्यांनी ते पद सोडले. घोड्यांची शिल्पे घडविण्याचा त्यांना नाद होता. २० जानेवारी २००२ रोजी दिल्लीस त्यांचा देहान्त झाला.