पोथी आणि हात : पंडित मधुसूदन गुप्त
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या मराठीत दोन वाक्प्रचार नेहमी कानांवर पडतात. एखादा माणूस सुटता सुटत नसला की तो जळूसारखा चिकटला असे आपण म्हणतो. आणि कुणी दुसऱ्याच्या जिवावर आपले घर भरले की त्याने स्वतःची तुंबडी भरून घेतली असे म्हणतो. दोन्ही वाक्प्रचार निंदेचे आहेत. परंतु जळू आणि तुंबडी ही एके काळी रोग्याला बरे करण्याची साधने होती, हे आपण साफ विसरून गेलो आहोत. सुश्रुतसंहितेत अंगातील दूषित रक्त काढण्याचे जे सौम्य उपाय दिले आहेत, त्यांत शिंग, जळू आणि तुंबडी यांचा क्रम लागतो. वाताने बिघडलेल्या रक्ताला शिंग, पित्ताने बिघडलेल्याला जळू आणि कफाने बिघडलेल्याला तुंबडी, असा तो विचार आहे.

शेकडो वर्षे हा ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांतून जपला गेला. तो छापून प्रथम लोकांच्या हाती देणारा पुरुष कोण होता? तो पुरुष म्हणजे पंडित मधुसूदन गुप्त. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचे नाव येते ते दुसऱ्याच कारणासाठी. आधुनिक काळात मानवी प्रेताचे विच्छेदन करणारे पहिले भारतीय म्हणून ते प्रसिद्ध आहेत. परंतु संहिता छापणारा पंडित आणि प्रेतावर सुरी चालवणारा शिक्षक हा एकच माणूस होता, आणि ही दोन्ही कामे त्याने जवळजवळ एकाच वेळी केली, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मधुसूदन गुप्तांचा जन्म १८०० च्या सुमारास बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातील वैद्यवाटी या गावी झाला. घराणे वैद्य जातीचे. बंगालमध्ये वैद्य ही एक जातच आहे आणि औषधोपचार हा तिचा पिढीजात व्यवसाय होता. अशा घरातील मुलाने शहाण्यासारखे पाठांतर करावे, वडिलांच्या मागे औषधे कुटावीत आणि पुढे गादी चालवावी, अशी रीत. पण मधुसूदनचे बालपणी शिक्षणात मन रमले नाही. त्यावरून वडिलांशी बिनसले आणि त्यांनी घर सोडले, असे सांगतात. मात्र १८२६ साली ते कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात वैद्यकाच्या वर्गात दाखल झाले, आणि मग त्यांनी मागे वळून पाहिले नाही. व्याकरण, न्याय, काव्य, वैद्यक या सर्व विषयांत त्यांची बुद्धी अशी चालली की अवघ्या चार वर्षांत, १८३० साली, त्याच वर्गाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

संस्कृत कॉलेजातील तो वर्ग मोठा विलक्षण होता. तिथे चरक-सुश्रुतही शिकवीत आणि युरोपीय शरीरशास्त्राची ओळखही करून देत. लाकडाच्या व मेणाच्या प्रतिमा, प्राण्यांची हाडे यांवरून शरीराची रचना समजावून सांगत. मधुसूदन गुप्तांना दोन्ही ज्ञानांची गोडी लागली. आणि याच काळात त्यांनी सुश्रुतसंहितेच्या संपादनाचे कार्य हाती घेतले. १८३५ व १८३६ या सालांत हा ग्रंथ कलकत्त्यास दोन खंडांत छापून निघाला.

वाचकहो, या ग्रंथात काय आहे हे पाहिल्याशिवाय मधुसूदन गुप्तांच्या पुढील कृत्याचा अर्थ कळणार नाही. आपण त्यातील एकच प्रकरण घेऊ. सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय जळवांविषयी आहे. राजे, श्रीमंत, बालक, वृद्ध, भित्रे, दुर्बल, स्त्रिया आणि सुकुमार माणसे यांना शस्त्राची भीती वाटते, म्हणून त्यांच्यासाठी हा सर्वांत कोमल उपाय सांगितला आहे. जळवा बारा प्रकारच्या. त्यांत सहा विषारी, सहा बिनविषारी. घाण, कुजक्या पाण्यात होतात त्या विषारी. कमळे फुलतात अशा स्वच्छ पाण्यात होतात त्या चांगल्या. ओल्या कातड्याने त्या पकडाव्यात. नव्या मोठ्या घड्यात तळ्याचे पाणी व चिखल घालून ठेवाव्यात. खायला शेवाळ द्यावे. दर तिसऱ्या दिवशी पाणी व खाद्य बदलावे आणि दर सातव्या दिवशी घडा बदलावा.

लावण्याची पद्धतही अशीच बारकाईने सांगितली आहे. मोहरी व हळदीच्या कल्काचे पाणी जळूच्या अंगाला लावून तिला काही वेळ पाण्यात सोडावे, म्हणजे तिचा शीण जातो. मग दुखऱ्या जागी लावावी. धरत नसेल तर त्या जागी दुधाचा किंवा रक्ताचा थेंब टाकावा. घोड्याच्या खुरासारखे तोंड करून, मान उंचावून ती बसली की तिने धरले असे समजावे आणि ओल्या वस्त्राने तिला झाकावे. दंशाच्या जागी टोचू व खाजू लागले की ती आता चांगले रक्त पिऊ लागली असे जाणून काढावी. सुटत नसेल तर तोंडावर सैंधव टाकावे. काढल्यावर तांदळाचा कोंडा अंगावर चोळून, तोंडाला तेल-मीठ लावून, शेपटीकडून तोंडाकडे हळूहळू दाबत तिला ओकवावे. नीट ओकलेली जळू पाण्यात सोडताच चपळपणे फिरते. जी सुस्त पडून राहते तिला पुन्हा ओकवावे, नाहीतर ती आजारी पडते.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हे लिहिणाऱ्याने जळू स्वतःच्या हातात धरलेली आहे. रोग्याची काळजी तर त्याला आहेच, पण त्या क्षुद्र जीवाचीही आहे. केवळ ऐकीव माहितीवर असे लिहिता येत नाही. सुश्रुताचा सगळा भरच हाताच्या कामावर आहे. कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर छेद घेण्याचा सराव करावा, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर शिरावेध शिकावा, असे तो सांगतो. ज्याला नुसते शास्त्र येते किंवा नुसती कृती येते, तो एका पंखाच्या पक्ष्यासारखा असमर्थ ठरतो, अशी त्याची धारणा आहे. आणि शारीरस्थानात तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे व मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासून त्वचेपासूनचा एकेक भाग डोळ्यांनी पाहावा, असे स्पष्ट सांगितले आहे.

मग हे ज्ञान गेले कुठे? मधुसूदन गुप्तांच्या काळापर्यंत वैद्याने नाडी पाहावी, श्लोक म्हणावा, मात्रा उगाळून द्यावी, एवढेच उरले होते. प्रेताला शिवणे म्हणजे बाटणे, रक्त-पू यांना हात लावणे म्हणजे हलके काम, अशी समजूत रूढ झाली होती. शस्त्र, शिंग, तुंबडी आणि जळू ही कामे न्हावी, वैदू अशा लोकांकडे गेली. पोथी एका घरात राहिली आणि हात दुसऱ्या घरात गेला! ज्याच्याजवळ पोथी त्याच्याजवळ सराव नाही, आणि ज्याच्याजवळ सराव त्याला पोथी उघडण्याचा अधिकार नाही. आमच्याकडेही असेच होते. माझ्या आजीच्या लहानपणी गावात जळवा लावायला जी म्हातारी येई, तिला अक्षर येत नव्हते. पण आजी सांगते की ती हळदीच्या पाण्यात जळवा सोडी, मीठ टाकून काढी आणि पिळून पुन्हा मडक्यात ठेवी. सुश्रुताचा तेरावा अध्याय तिला तोंडपाठ नव्हता, हातपाठ होता. तिला कुणी वैद्य म्हटले नाही. तिला शेरभर जोंधळे मिळत आणि ओसरीच्या खालीच बसावे लागे.

१८३५ साल उजाडले आणि मधुसूदन गुप्तांच्या पायांखालची जमीनच सरकली. लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या सरकारने संस्कृत कॉलेजातील वैद्यकाचा वर्ग बंद केला आणि इंग्रजीतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारे मेडिकल कॉलेज कलकत्त्यास स्थापन केले. ज्या विद्येचे ते अध्यापक होते, तिला सरकारदरबारी स्थान उरले नाही. दुसरा एखादा पंडित कपाळावर हात मारून गावी परतला असता. मधुसूदन गुप्तांनी नव्या कॉलेजात शरीरशास्त्राच्या वर्गात साहाय्यक शिक्षकाची जागा पत्करली. इकडे छापखान्यात सुश्रुताचे कागद निघत होते आणि तिकडे डॉक्टर गुडीव्ह यांच्या वर्गात ते नवे शास्त्र शिकवीत होते.

शेवटी १८३६ साली तो दिवस आला. परंपरेने १० जानेवारी ही तारीख मानली जाते. काही अभ्यासक २८ ऑक्टोबर मानतात. मेडिकल कॉलेजच्या आवारातील एका कोठीत प्रेत ठेवलेले होते. हातात शस्त्र घेऊन मधुसूदन गुप्त डॉक्टर गुडीव्ह यांच्या मागोमाग आत गेले. विद्यार्थी कुतूहलाने आणि भीतीने दाराशी दाटले होते, पण आत पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांना होईना. कुणी झरोक्यांतून डोकावत होते. मधुसूदन गुप्तांचा हात कापला नाही. त्यांनी प्रेताच्या छातीवर लांब आणि खोल छेद घेतला आणि बाहेर रोखून धरलेले श्वास एकदम सुटले. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली अशी कथा सांगतात. ती खरी असो वा लोकांनी मागाहून रचलेली असो, शतकानुशतकांची एक भिंत त्या दिवशी कोसळली यात शंका नाही. त्यानंतर उमाचरण सेट, द्वारकानाथ गुप्त, राजकृष्ण दे आणि नवीनचंद्र मित्र हे विद्यार्थी पुढे आले आणि १८३८ साली या कॉलेजची परीक्षा उत्तीर्ण झाले.

जातीबाहेर पडण्याचे भय त्यांना वाटले नसेल का? वाटलेच असेल. परंतु त्यांच्या पाठीशी एक मोठा आधार होता. प्रेत उघडून पाहा ही आज्ञा त्यांनी स्वतः शुद्ध करून छापायला दिलेल्या ग्रंथातच होती! लोक म्हणत होते की पंडिताने धर्म मोडला. खरे पाहता त्यांनी ग्रंथ मोडला नव्हता, ग्रंथावर चढलेली राख झटकली होती.

यानंतरचे त्यांचे आयुष्य अखंड परिश्रमाचे होते. इतरांना शिकवणाऱ्या या पंडिताने स्वतः विद्यार्थ्यांप्रमाणे परीक्षेस बसून १८४० साली ती उत्तीर्ण केली. चाळिशीच्या माणसाने परीक्षेस बसावे, ही गोष्ट परीक्षेच्या नावाने घाबरणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८४५ साली हिंदुस्थानी भाषेतून शिकवणाऱ्या वर्गाचे आणि १८५२ साली बंगाली वर्गाचे ते प्रमुख झाले. लंडनच्या औषधिग्रंथाचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले आणि हूपर यांच्या शरीररचनेवरील पुस्तकाचे संस्कृतात रूपांतर केले. जे ज्ञान इंग्रजीत होते ते देशी भाषांत, आणि जे पोथीत होते ते छापील ग्रंथात आणण्याचा त्यांचा ध्यास होता. बेथ्यून साहेबांनी त्यांचे तैलचित्र मेडिकल कॉलेजला अर्पण केले. मधुमेहाने शरीर पोखरले होते तरी त्यांनी विच्छेदनाचे काम सोडले नाही. रक्तात विष भिनून १५ नोव्हेंबर १८५६ रोजी त्यांचा अंत झाला. अशुद्ध रक्ताची चिकित्सा सांगणारा ग्रंथ छापणाऱ्याला रक्तदोषानेच मृत्यू यावा, हा दैवाचा केवढा खेळ!

त्यांनी लावलेले रोप पुढे वाढले. मुंबईस १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या तुकडीत आपले भाऊ दाजी लाड शिकून डॉक्टर झाले. सुश्रुताचेही तसेच. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सटीक आवृत्ती विसाव्या शतकात काढली आणि तो ग्रंथ वैद्यांच्या घरोघर गेला.

आणि जळूचे काय झाले? मधुसूदन गुप्तांच्या काळी युरोपातही जळवांना फार मान होता. फ्रान्समध्ये ब्रूसे नावाच्या डॉक्टरांच्या प्रभावाने वर्षाला कोट्यवधी जळवा वापरल्या जात. प्रत्येक रोगावर एकच उपाय केल्याने अनेक रोगी अशक्त होऊन दगावले आणि पुढे तो उपाय बदनाम झाला. १८८४ साली हेक्राफ्ट यांनी शोधून काढले की जळूच्या तोंडात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. आज तुटलेले बोट किंवा कान पुन्हा जोडल्यावर त्यात रक्त साचून राहिले, तर शस्त्रवैद्य तेथे जळू लावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यासाठी जळवांना मान्यता दिली. मात्र जळूच्या पोटातील जंतूंमुळे जखम चिघळू शकते, हेही याच शास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणून हा उपाय घरी करून पाहण्याचा नव्हे. जुने ते सर्व सोने नव्हे, आणि जुने ते सर्व माती नव्हे. ते उघडून, तपासून पाहावे लागते.

मधुसूदन गुप्तांच्या चरित्रापासून मी हेच शिकलो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी नव्हती, अशा घरांतून आम्ही कितीतरी मुले आज या कॉलेजात आलो आहोत. आमच्या घरांत हात होते. नांगर धरणारे, वीट रचणारे, बाळंतपण करणारे, जळू लावणारे हात. आता आमच्या हाती पुस्तक आले आहे. पुस्तक मिळाले म्हणून त्या हातांची लाज वाटू लागली, तर जी चूक आपल्या वैद्यांनी शेकडो वर्षे केली तीच आम्ही नव्याने करू. एका पंखाने कोणताही पक्षी उडत नाही. संहिता शुद्ध करणाऱ्या हातानेच सुरी उचलणारा तो पंडित आम्हां विद्यार्थ्यांना सदैव मार्ग दाखवो!