मलिक अंबर : स्वतःचं गाव हरवलेला, आपल्याला गाव देऊन गेलेला माणूस

वर्गात दरवर्षी मी मुलांना 'आमचं मूळ गाव' या विषयावर लिहायला सांगतो. काही मुलं पानभर लिहितात. काही मुलं एका ओळीत आटपतात, 'माहीत नाही'. यात आपली मुलं जास्त असतात, हे पाहून वाईट वाटतं. आणि बाहेर कुणी सहज विचारलं, की तुम्ही मूळचे कुठले, तर हीच मुलं गप्प होतात.

आमचं घराणं पैठणकडचं. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि दादांचं घर, गावची मशीद, कब्रस्तान, सगळं नाथसागराच्या पाण्याखाली गेलं. अब्बांच्या पेटीत दोन-चार जुने कागद तेवढे राहिले. त्यातला एक मोडीत होता. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना तो दाखवला, तर त्यात शेताच्या चतुःसीमा निघाल्या, आणि धारा 'मलिकंबरी' रिवाजाप्रमाणे असल्याचा उल्लेख निघाला. घर दिसलं नाही, पण जागा कळली. त्या दिवसापासून मलिक अंबर यांची हकीगत मला वेगळीच वाटू लागली.

त्यांचा जन्म १५४८च्या सुमारास हबशाण मुलुखात, म्हणजे आजच्या इथियोपियात झाला. घरात ठेवलेलं नाव चापू. लहान वयातच हे पोर गुलाम म्हणून विकलं गेलं. येमेनचं मोखा बंदर, मग बगदाद, असा बाजारातून बाजारात त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवलं. आईबापाने दिलेलं नाव गेलं, गाव तर केव्हाच गेलं होतं.

पुढे अंबर दख्खनला आले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतलं. चंगेज खान स्वतः हबशी आणि एकेकाळचे गुलामच. त्यांच्या हाताखाली अंबर दरबार आणि फौज, दोन्ही शिकले. धन्याच्या मृत्यूनंतर त्यांना मोकळीक मिळाली. काही काळ विजापूरकडे चाकरी केली, 'मलिक' किताब मिळवला आणि मग पुन्हा निजामशाहीत परतले.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सर्वांना वाटलं. मलिक अंबर यांनी मात्र त्याच घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. डोंगर, खिंडी, रसद तोडणं, अचानक छापा घालून पसार होणं, ही त्यांची लढाई. त्यांच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे मोठ्या संख्येने होते. मालोजीराजे भोसले निजामशाहीचेच सरदार. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा मिळून पराभव झाला, तेव्हा शहाजीराजे अंबर यांच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. शिवभारत या शिवकालीन ग्रंथातही अंबर यांचं शौर्य मोकळ्या मनाने गायलं आहे. जहांगीर बादशहाला मात्र हा माणूस इतका खुपला, की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रच त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते त्याला कधी जमलं नाही.

लढाया सगळे सांगतात. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम गावात आहे. त्या काळी महसुलाचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. अंबर यांनी मक्ता बंद केला. जमिनीची पाहणी झाली, प्रत ठरली, पीक किती येतं ते पाहून धारा ठरला. आधी तो धान्यात घेत, पुढे नगदी. वसुलीची जबाबदारी गावावर, आणि पाटील-कुलकर्ण्यांची वतनं पिढीजात झाली. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क पक्का झाला. कोणाची जमीन कुठे, शीव कुठे, हे कागदावर आणि गावाच्या तोंडी टिकू लागलं. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची पाहणी केली, तेव्हाही हीच घडी डोळ्यापुढे होती. पुढे वतनाचे तंटे निघाले की लोक मलिकंबरी काळाचा दाखला देत.

१६१० साली त्यांनी खडकी या गावाचं शहर वसवलं. नंतर त्याचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, पण त्यांचा भडकल दरवाजा उभा आहे, जामा मशिदीचा मूळ भाग उभा आहे. जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्यांचीच. कित्येक पिढ्या या शहराने ते पाणी प्यायलं.

१६२६च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात, त्यांचा इंतकाल झाला. पुढच्या दहा वर्षांत निजामशाहीही संपली. खुलताबादला हजरत जर्जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्यांचा मकबरा आहे. जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांचाही आहे.

मागच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. फातेहा पढून झाल्यावर धाकट्याने विचारलं, यांचं गाव कुठलं? मी म्हणालो, जन्म समुद्रापलीकडचा, पण गाव हेच. त्याला ते लगेच पटलं.

घरात बुजुर्ग असतील तर या जुम्याला त्यांच्याजवळ बसा. गावाचं नाव, शेताचं नाव, जुन्या शेजाऱ्यांची आडनावं विचारून वहीत लिहून ठेवा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना सातबारा, फेरफार मागा. पेटीतला मोडी कागद रद्दीत टाकू नका. आमचं घर पाण्याखाली आहे, तरी पत्ता सापडला. तुमचाही सापडेल, इन्शाअल्लाह.