आर्सचे धर्मगुरु संत जॉन मेरी व्हियानी

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे कांहीं घरांत पेढे वांटले जातात, आणि कांहीं घरांत मुलगा मान खालीं घालून कोपऱ्यांत बसतो. अशा मुलाचें पुढें कसें होणार ह्या काळजीनें आईबापांची झोंप उडते. त्या मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं अवश्य वाचावें असें एक चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. आर्स गांवचे धर्मगुरु संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचें तें चरित्र होय. विद्येच्या बाबतींत ते पुष्कळदां मागें पडले. परंतु ईश्वरानें आपणांस पाचारण केलें आहे ही खूणगांठ मनाशीं बांधल्यावर ते त्या वाटेवरून ढळले नाहींत.

फ्रान्स देशांत ल्यों शहराजवळ दार्दिई नांवाचें खेडें आहे. तेथें एका शेतकऱ्याच्या घरीं ता. ८ मे १७८६ रोजीं जॉनचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा होतो न होतो तोंच फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें धर्मगुरूंवर एक शपथ लादली. ती घेण्याचें ज्यांनीं नाकारलें त्यांना वेष पालटून हिंडावें लागलें, आणि कित्येकांना प्राणासही मुकावें लागलें. व्हियानी कुटुंब अशाच धर्मगुरूंच्या मिस्सेला गुपचुप जात असे. १७९९ सालीं जॉननें प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलें, तें चर्चमध्यें नव्हे, तर एकुली गांवांतील एका घराच्या बंद दाराआड. आंतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. लोकांसाठीं जीव धोक्यांत घालणारे धर्मगुरु ह्या मुलानें डोळ्यांनीं पाहिले. आपणही तसेंच व्हावें ही इच्छा तेथेंच त्याच्या मनांत रुजली असावी, असें आम्हांस वाटतें.

इच्छा रुजली, पण वाट मोकळी नव्हती. मेंढरें राखणें, नांगर धरणें, द्राक्षमळे खणणें ह्यांतच जॉनचे दिवस जात. शाळेचें तोंड त्यानें जेमतेम पाहिलें होतें. आपला विचार त्यानें आईच्या कानावर घातला, तेव्हां तिला आनंद झाला. वडिलांनीं मात्र रुकार दिला नाहीं. आम्ही त्यांना दोष देणार नाहीं. शेतावर राबणारे हात कमी झाले तर घर कसें चालावें, आणि शिक्षणाला पैसा कोठून आणावा, हे प्रश्न खरे होते. जॉननें तंटा केला नाहीं कीं तो घरांतून पळूनही गेला नाहीं. तो नांगर चालवीत राहिला व वाट पाहात राहिला. अखेर वडिलांचें मन वळलें, तेव्हां तो विशीच्या घरांत आला होता.

एकुलीचे धर्मगुरु बाले हे होतकरू मुलांना शिकवीत असत. त्यांच्याजवळ हा जवान शेतकरी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेंत बसून लॅटिन शिकूं लागला. रात्रीं पाठ केलेलें सकाळीं आठवत नसे. एकदां मॅथियस लोरास नांवाचा हुशार मुलगा त्याला समजावून देतां देतां कंटाळला आणि त्यानें सर्वांदेखत त्याला मारलें. जॉन वयानें व बळानेंही मोठा. परंतु उलट हात न उचलतां त्यानें त्या लहान मुलापुढें गुडघे टेकून क्षमा मागितली. तो मुलगा ओशाळला, आणि दोघांची जन्माची मैत्री जडली. हाच लोरास पुढें अमेरिकेंत बिशप झाला. १८०६ सालीं जॉन संत फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या समाधीपर्यंत, म्हणजे सुमारें साठ मैल, भीक मागत पायीं गेला आणि त्यानें देवाजवळ एवढेंच मागितलें कीं, गुरुदीक्षेपुरती विद्या आपल्या डोक्यांत राहावी.

इतक्यांत नवेंच संकट आलें. धर्मगुरु होऊं पाहाणाऱ्या विद्यार्थ्यांना लष्करभरतींतून सूट होती. पण यादींत जॉनचें नांव राहून गेलें, आणि १८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत त्याला बोलावणें आलें. तो आजारी पडला व त्याची तुकडी पुढें निघून गेली. वाटेंत भेटलेल्या एका अनोळखी माणसानें त्याला डोंगरांतील ले नोए ह्या खेड्यांत नेलें. तेथें तो नांव बदलून सुमारें चौदा महिने राहिला, व गांवच्या मुलांना शिकवीत असे. हा प्रसंग आम्ही झांकून ठेवीत नाहीं, आणि त्याचें भूषणही मानीत नाहीं. सरकारनें माफी दिली, धाकटा भाऊ त्याच्या ऐवजीं सैन्यांत गेला, तेव्हां कोठें १८११ च्या आरंभीं जॉन घरीं आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई वारली. एका मुलाच्या पाचारणासाठीं साऱ्या घराला किती द्यावें लागतें, हें ह्यावरून कळून येईल.

पुढें तो ल्यों येथील धर्मगुरूंच्या विद्यालयांत गेला. तेथें सर्व शिक्षण लॅटिनमधून चाले. त्याला तें समजेना, तेव्हां कांहीं महिन्यांतच त्याला घरीं पाठविण्यांत आलें. आतां सर्व संपलें असें कोणालाही वाटलें असतें. परंतु बालेगुरूंनीं शिष्याचा हात सोडला नाहीं. ते त्याला घरींच शिकवूं लागले. पुन्हां परीक्षा झाली. परीक्षकांपुढें तो गांगरला व लॅटिनमध्यें उत्तरें देतां येईनात. तेव्हां बालेगुरूंच्या खटपटीनें तेच प्रश्न त्याला फ्रेंच भाषेंत विचारले गेले, आणि त्यानें समाधानकारक उत्तरें दिलीं. वरिष्ठांनीं त्याची भक्ति व शील पाहून त्याला दीक्षा देण्याचें ठरविलें. ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोब्ल येथें एकोणतिसाव्या वर्षीं तो धर्मगुरु झाला. ल्योंहून तेथवर तो एकटाच चालत गेला होता.

१८१८ सालीं व्हियानी ह्यांना आर्स येथें नेमण्यांत आलें. गांवची वस्ती अवघी सव्वादोनशें-अडीचशें. ते तेथें एकेचाळीस वर्षें राहिले. गरीब मुलींसाठीं त्यांनीं मोफत शाळा काढली. ज्यांना लॅटिनचे धडे उमगत नव्हते त्यांना माणसांचीं मनें उमगत. पापनिवेदनासाठीं दूरदूरचे हजारों लोक येत, आणि ते दिवसाचे सोळा-सोळा तास तेथें बसून ऐकत. आपण ह्या कामाला अपात्र आहों असें त्यांना शेवटपर्यंत वाटे. १८४३ व १८५३ सालीं ते एकांतांत जाण्यासाठीं गांव सोडून निघालेही; पण दोन्ही वेळां ते आपल्या लोकांत परत आले. ता. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं ते ख्रिस्तवासी झाले. १९२५ सालीं त्यांना संतपद मिळालें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रावरून अभ्यास टाकावा असा अर्थ कोणी काढूं नये. ज्यानें लॅटिनसाठीं इतके कष्ट सोसले, त्याचें नांव आळसाच्या समर्थनार्थ घेणें बरें नव्हे. आणि पालकांना आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा मागें पडला म्हणजे लागलीच त्याची आशा सोडूं नये. जॉन व्हियानीपाशीं चिकाटी होती हें खरें. पण बालेगुरूंनीं हात सोडला असता तर आर्सला तो धर्मगुरु लाभला नसता.