गाडगेबाबा आणि सावकाराचा कागद



स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलं, बुवा, एका संताचं चरित्र लिहून द्या. कीर्तनात दोन तास उभं करा, बोलतो. लिहायला बसलो की हात अडतो, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. माउलींचं, तुकोबारायांचं, नाथबाबांचं चरित्र माझ्यापेक्षा जाणती मंडळी लिहितील. म्हणून मी गाडगेबाबांचं घेतलं. दुसरंही एक कारण आहे. पौष वारीला आपण त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या दर्शनाला चालत जातो, तेव्हा वाटेत बसल्या जागी एकच बोलणं निघतं. जमाना बिघडला, पैसेवाला आणखी मोठा झाला, गरिबाला कोणी विचारत नाही, पूर्वी असं नव्हतं. मीही हो ला हो करतो. पण पूर्वी म्हणजे नेमकं कधी, हे बाबांच्या चरित्रात बघायला गेलं तर दुसरंच दिसतं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. वडील झिंगराजी, आई सखुबाई, जात परीट. पाळण्यातलं नाव देबूजी. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली खतं आणि दस्त बाहेर काढून जाळले होते. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत बऱ्याच गावांना पसरलं. आणि बाबा जन्मले त्या सालापासून दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मेली. आपण ज्याला चांगला काळ म्हणतो तो हाच.

झिंगराजींची घरची शेती होती, जनावरं होती. पण त्या वेळी देवाचं कार्य म्हटलं की बोकड आणि दारू आलीच. देवाच्या नावानं लागलेली दारू मग देवाच्या नावाशिवायही चालू राहते. झिंगराजींचं तसंच झालं. जमीन गेली, घर गेलं आणि देबू आठेक वर्षांचा असताना बापही गेला. सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, मूर्तिजापूरच्या बाजूला. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभानजी. मामाकडं देबू गुरं राखायला लागला.

पोरगं कामाला वाघ होतं. बैलांची निगा अशी राखायचा की शेजारचे बघायला यायचे. मोठा झाल्यावर नांगरट, पेरणी, सगळं त्याच्या हाती आलं. गुराखी पोरांत सगळ्या जातीची पोरं, आणि सगळ्यांनी भाकऱ्या सोडून एकत्र खायच्या, ही त्याची रीत. रात्री भजन. लिहिणं-वाचणं मात्र नाही.

आता मुख्य गोष्ट. चंद्रभानजींनी सावकाराकडून पैसे उचलले होते. शेतकऱ्याला पैसे लागतात पेरणीच्या वेळी आणि हातात येतात काढणीनंतर, मधल्या महिन्यांत सावकाराचा ओटा. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडलेला ज्यानं भोगलाय त्याला हे समजावून सांगायला नको. मामांनी कागदावर अंगठा दिला. कागदात काय लिहिलंय हे सावकार सांगेल ते खरं. पुढे मामा आणि भाचा मिळून राबले, फेड केली, पण पावती मागितली नाही. मोठ्या माणसाला पावती मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. व्हायचं ते झालं. फेडलेले पैसे कुठंच लिहिलेले नव्हते आणि कर्ज तेवढं लिहिलेलं होतं. जमीन सावकाराच्या नावावर गेली. मामांनी हाय खाल्ली आणि त्यातच ते वारले.

मग एक दिवस सावकाराचे नांगर शेताचा ताबा घ्यायला आले. घरची म्हातारी माणसं घाबरून गप्प बसली. देबूजी एकटा शेतात आडवा गेला आणि त्यानं नांगर चालू दिले नाहीत. सावकाराची माणसं त्या दिवशी माघारी गेली. गावात कोणी असं केलेलं नव्हतं. पण मला वाटतं, बाबांनी त्या दिवसापेक्षा तो अंगठा जास्त ध्यानात ठेवला. पुढं पन्नास वर्षं प्रत्येक कीर्तनात ते लोकांना शिक्षण, कर्ज आणि दारू याच तीन गोष्टींवर आणून उभं करायचे. ती तिन्ही त्यांच्या घरात घडलेली होती. वडील दारूत गेले, मामा कर्जात गेले, आणि दोघांच्याही घरी अक्षर नव्हतं.

लग्न झालं, बायको कुंताबाई. पहिली मुलगी झाली, अलोका. बारशाला जातीच्या रिवाजानं मटण आणि दारू पाहिजे. देबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद खवळले, पण त्यानं ऐकलं नाही. आज हे साधं वाटतं. ज्यानं भावकीची पंगत बदलायला घेतली असेल त्यालाच कळेल की सावकाराचे नांगर अडवणं यापेक्षा सोपं.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे बाबांनी घर सोडलं. वय अठ्ठावीस. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगं. त्या गाडग्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं आणि तेच डोक्यावर घालायचं. त्यावरून गाडगेबाबा. कुठं गोधडेबुवा म्हणत, कुठं चिंधेबुवा. गावात शिरलं की पहिल्यांदा झाडायला सुरुवात. भाकरी फुकट घ्यायची नाही, आधी कोणाचं लाकूड फोड, कोणाची गाडी ढकल, मग भाकरी.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीवर ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. पौषात रविवारी यात्रा भरते. नावातच आलं, तिथं स्नान केलं की माणूस ऋणातून सुटतो अशी श्रद्धा. बाबा तिथं गेले तेव्हा नदीच्या काठाला चिखल, म्हाताऱ्या बायका घसरून पडायच्या. बाबांनी लोकांना हात देऊन वर काढलं आणि १९०८ साली तिथं घाट बांधायला घेतला. सावकाराच्या ऋणानं ज्याचा मामा गेला तो माणूस ऋणमोचनाला डुबकी मारून थांबला नाही, त्यानं दगडाच्या पायऱ्या बसवल्या. कीर्तनात मी हा प्रसंग सांगतो तेव्हा माझाच आवाज बसतो.

आपली दिंडी शंभर वर्षांपूर्वी निघाली तेव्हा बाबा पन्नाशीच्या आसपास होते. आपल्या वाडवडिलांनी पंढरपुरात त्यांना वाळवंटात झाडताना बघितलंही असेल. बाबा पंढरीला दर वारीला यायचे, पण राऊळात जायचे नाहीत. चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे, रात्री तिथंच कीर्तन करायचे. काही जुने वारकरी यावरून नाराज असत, आजही कोणी म्हणतो की ते आपल्या संप्रदायाचे नव्हतेच. मला काही तसं वाटत नाही. पंढरीत त्या वेळी अस्पृश्य वारकऱ्याला देवळाचं दार बंद आणि राहायला जागाही नाही. चोखोबांच्या जातीची माणसं पावसात उघड्यावर बसायची. देवळाचं दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. पुढे १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, शिकणाऱ्या पोरांसाठी. आळंदी, देहू, नाशिक, मुंबई, ठिकठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईची जे. जे. रुग्णालयाजवळची १९५४ ची, गावाकडून रोगी घेऊन येणाऱ्या गरीब माणसांना उतरायला. त्याच साली कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी बाबांच्या नावानं कॉलेज काढलं. ज्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं त्याच्या नावाचं कॉलेज!

बाबांच्या कीर्तनाची तऱ्हा वेगळी. ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घ्यायचे. लग्नात कर्ज का काढलं, ते कोणी फेडायचं, पोरगं शाळेत का नाही, असं विचारत विचारत माणसाला घरी आणून सोडायचे. सण असो, लग्न असो, तीर्थयात्रा असो, कर्ज काढून करू नका हे त्यांचं पक्कं. मोठमोठे शेठ समोर बसलेले असत. बाबा त्यांच्याकडून धर्मशाळेसाठी रक्कम घेत, पण स्वतः हात लावत नसत, आणि पायाला कोणाला हात लावू देत नसत.

इथं मला माझं सांगणं भाग आहे. मी कीर्तनाची बिदागी घेतो. शेतीवर भागत नाही, हे खरं. पण एका गावी सप्ताहाला गेलो होतो, तिथं देवळाच्या फळ्यावर वर्गणी न दिलेल्या घरांची नावं लिहिलेली. त्यात एका विधवा बाईचं नाव होतं. त्या रात्री मी बाबांचंच चरित्र सांगितलं, लोक रडले, आणि सकाळी पाकीट खिशात घालून मी घरी आलो. त्या फळ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बाबांनी बोलायच्या आधी तो फळा पुसला असता.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हे बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. कुंताबाईंनी काय केलं असेल, तेच माझ्या मनात येतं. ती माउली झोपडीत राहिली. लाखोंच्या धर्मशाळा उभ्या होत्या, पण त्यातलं काहीही नातेवाइकांचं नाही असं बाबांनी ठरवून टाकलेलं होतं. १९५२ मध्ये सगळ्या संस्थांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. सगळा कारभार कागदोपत्री, विश्वस्त नेमून.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा आजारीच होते, त्या बातमीनं आणखी खचले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं गाडीतून जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. अमरावतीला समाधी आहे.

नाशकात त्यांची धर्मशाळा आजही आहे. आपल्या गावचं कोणी दवाखान्याच्या कामानं गेलं आणि लॉज परवडला नाही की तिथं उतरतं. बाबा मात्र स्वतः बांधलेल्या धर्मशाळांत मुक्काम करत नसत. रात्र झाली की बाहेर कुठंतरी झाडाखाली पांघरूण अंथरत, आणि तांबडं फुटायच्या आत खराटा घेऊन उठलेले असत.