आठ रुपयांचा हिशेब

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांचे स्मरण करताना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विधिमंडळातील वक्तृत्वाचा गौरव आपण नेहमीच करतो. परंतु देशाच्या जमाखर्चावर अधिकाराने बोलणाऱ्या या पुरुषाने पैशाचा पहिला धडा कोठे घेतला, हे मुलाबाळांना सांगण्याचे मात्र राहून जाते. ते या अंकाच्या निमित्ताने सांगावे, असे आम्हांस वाटते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ साली पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळास पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घरच्या मंडळींचा निर्वाह चाले.

एकदा एका मित्राने त्यांना नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाने वाद न घालता ते चुकते केले व दिव्याच्या तेलात काटकसर करून, रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करीत ती तूट भरून काढली, अशी आठवण सांगतात. हाती येणारा प्रत्येक आणा कोणाच्या ताटातून आला आहे, हे त्या मुलास ठाऊक होते. निराळ्या उपदेशाची त्यास गरजच पडली नाही.

१८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी मोठ्या पगाराची वाट सोडली व डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा ७५ रुपयांवर अध्यापन पत्करले. त्यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ शाळांत चालले. त्याच्या उत्पन्नाचा आधार असल्यामुळेच १९०२ साली ३० रुपयांच्या निवृत्तिवेतनावर ते पूर्णवेळ देशकार्यास लागू शकले. काटकसर म्हणजे कृपणपणा नव्हे. आपल्या मनाजोगे काम करण्याची मोकळीक तीतून मिळते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

त्याच वर्षी कलकत्त्यास मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून अतिरिक्त करांचे फळ आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. मिठावरील कर कमी व्हावा, ही त्यांची आग्रहाची मागणी होती. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ पासून उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. तथापि गरिबाच्या घरातील मीठ-तेलाचा हिशेब ज्याने बालपणी जाणला, त्याच्या शब्दास निराळेच वजन असावे, यात नवल नाही. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढील वर्षी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आज आपल्या घरांत काय दिसते? शिक्षणासाठी वा लग्नकार्यासाठी काढलेले कर्ज आपण मुलांपासून लपवितो आणि मग ती उधळी निघाली म्हणून हळहळतो. मोबाईलवर बोट टेकताच पैसा खर्च होत असल्याने, तो कोठून येतो हे तर त्यांस दिसतच नाही. आमची सभासद कुटुंबांस विनंती आहे, की महिन्यातून एका संध्याकाळी घराचा जमाखर्च मुलांसमोर मांडावा. तो उपकार म्हणून ऐकवू नये, घरातील भागीदार म्हणून त्यांस दाखवावा. ठरावीक लहानशी रक्कम त्यांच्या हाती द्यावी, तिचा हिशेब त्यांनीच लिहावा आणि ती आधीच संपली तर महिनाअखेरपर्यंत भर घालू नये. पुढे चार पैसे शिल्लक पडले, तर त्यांतील एखादा दुसऱ्याच्या शिक्षणासाठी काढून ठेवण्याची सवयही याच वयात लावावी. गोविंदरावांच्या आठ रुपयांचे ऋण आपणा सर्वांवरच आहे. ते फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.